‘वृध्द’ क्रमांक दहा

३ फेब्रुवारी

चि. बारकीस तुझ्या थोरल्या काकाचे आशीर्वाद.

तू दूरध्वनीवर जे बोललीस, त्याचे उत्तर मी लेखी देत आहे. रक्तासारख्या गंभीर विषयात तोंडी व्यवहार मला मान्य नाही. शिवाय तू बोलत असताना मागे कोणीतरी भांडी घासत होते. त्यामुळे ‘काका, तुमचं रक्त हवंय’ याखेरीज मला काहीही नीट ऐकू आले नाही, आणि एवढे एकच वाक्य ऐकून कोणालाही जेवण गोड लागणे कठीण आहे.

तू पाठविलेले संमतिपत्र मिळाले. ते मी तीन वेळा वाचले. त्यात शुद्धलेखनाच्या एकूण चौदा चुका आहेत. त्या लाल शाईने दुरुस्त करून प्रत सोबत परत पाठवीत आहे. दुसऱ्या पानावर ‘वृद्ध गट, सत्तर वर्षांवरील’ असे शब्द आहेत आणि त्यापुढे तू माझ्यासाठी आधीच खूण करून ठेवली आहेस, हे मला रुचलेले नाही. मी एकोणऐंशी वर्षांचा आहे, हे खरे. परंतु वयाने मोठे असणे निराळे आणि वृद्ध असणे निराळे. वृद्ध मनुष्य जिना चढताना कठडा धरतो. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या कठड्याचा रंग कोणता, हे मला सांगता येणार नाही.

तुला ठाऊक आहेच, की माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. नक्कलखात्यात मला घेतले ते केवळ अक्षर पाहून. एक्केचाळीस वर्षे मी इतरांच्या दस्तऐवजांच्या नकला केल्या आणि प्रत्येक नकलेखाली ‘अस्सलबरहुकूम’ असा शेरा लिहून, म्हणजे ही प्रत मूळ कागदाशी अक्षरशः जुळते अशी ग्वाही देऊन, सही केली. त्यांपैकी एकही नक्कल चुकली म्हणून परत आली नाही. तेव्हा माझ्या रक्तात तू नेमके काय पाहणार आहेस, ते मला समजेल अशा शब्दांत लिहून पाठव. समजले तर रक्त देईन. न समजलेल्या कागदावर मी आजवर सही केलेली नाही.

तुझा काका

९ फेब्रुवारी

काका, नमस्कार!

तुमचं लाल शाईतलं संमतिपत्र आमच्या मॅडमनी भिंतीला लावलंय. म्हणाल्या, "हे गृहस्थ आपल्याला हवेतच." मी म्हटलं, हे गृहस्थ असे सहजासहजी हाती लागत नाहीत.

आता तुमच्यासाठी सगळं सोपं करून लिहिते. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या आपले शिपाई. त्यांतले काही अगदी कोरे असतात. भरती झालेत, गणवेश घातलाय, पण शत्रूचं तोंड अजून पाहिलेलं नाही. एखादा जंतू आत शिरला की त्याला ओळखणारा शिपाई पुढे येतो. पण एकट्याने काय होणार? त्याला स्वतःसारखे हजारो शिपाई तयार करावे लागतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असं. आणि एकाचे दोन होण्याआधी पेशीला तिच्या आतला सगळाच्या सगळा मजकूर उतरवून काढावा लागतो. त्या मजकुराला आम्ही डीएनए म्हणतो. त्यात अक्षरं चारच, पण एका पेशीत ती सहाशे कोटींच्या घरात भरतात. तरुण पेशी हे काम सात-आठ तासांत उरकते, कारण ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात नाही, हजारो ठिकाणी एकदम सुरुवात करते.

माझा प्रश्न एवढाच आहे: माणसाचं वय वाढलं की या शिपायांची नक्कल कशी होते? म्हणजे काका, मी तुमच्याच धंद्यात आहे!

मला दहा जोड्या लागतात. प्रत्येक जोडीत एक जण सत्तरीच्या पुढचा, एक तिशीच्या आतला, दोघांचं रक्त एकाच दिवशी, एकाच वेळी. नऊ जोड्या झाल्या. दहावी झाली नाही तर मॅडम मला प्रबंध लिहायला बसू देणार नाहीत आणि माझी मुदत जूनअखेर संपतेय. चार वर्षं घातलीत मी यात. तेव्हा नाही म्हणू नका आणि येताना कुणीतरी तरुण माणूस पकडून आणा.

भांडी कुणी घासत नव्हतं. ते नळ्या फिरवायचं यंत्र होतं.

तुमची बारकी

१४ फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

समजले. रक्त देईन. परंतु हजारो ठिकाणी एकदम नक्कल सुरू करणे, ही पद्धत सदोष आहे. आमच्या खात्यात एकदा तीनशे पानांचा एक दावा सहा जणांत वाटून दिला होता. सांधे जुळेनात. दोन पाने दोनदा उतरली आणि एका पक्षकाराचे वडील मधल्यामध्ये नाहीसे झाले. तेव्हापासून एक दस्तऐवज, एक हात, असा नियम झाला. तुझ्या पेशींना हे कोणी सांगितलेले दिसत नाही.

माझ्या धंद्यात आहेस असे लिहिलेस म्हणून दोन नियम सांगतो. पहिला रुजुवातीचा. एक जण अस्सल कागद मोठ्याने वाची आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाही. ती रुजुवात होईपर्यंत अस्सल जागचे हलवावयाचे नाही. दुसरा नियम अधिक कठीण. अस्सलात चूक असली, तरी ती नकलेत जशीच्या तशी उतरवावयाची. नक्कलकाराने आपले शहाणपण पाजळावयाचे नाही. एक्केचाळीस वर्षे मी लोकांचे ‘आशिर्वाद’ आणि लोकांचे ‘उज्वल’ उघड्या डोळ्यांनी तसेच उतरविले. त्याने माझ्या जिवाची काय अवस्था झाली, हे तुझ्या काकूस ठाऊक होते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मी लाल शाईची दौत आणली, ती त्यासाठीच.

तरुण व्यक्ती मिळाली आहे. आमच्या तळमजल्यावर एक व्यायामशिक्षिका राहते, वय सव्वीस. पहाटे साडेपाचपासून ती बायकांना उड्या मारावयास लावते आणि सोबत असे काही संगीत लावते, की माझ्या खोलीतील पेला फळीवरून चालू लागतो. तिच्या दारावर ‘शरिरसौष्ठव केंद्र’ अशी पाटी आहे. त्यातील ‘री’ दीर्घ हवी. हे मी तिला चार वेळा समजावून सांगितले. पाचव्या वेळी शिडी आणि कुंचला घेऊन गेलो असता तिने मला शिडीवरून खाली ठेवले. उचलून. लोकांसमक्ष. त्यानंतर आमचे बोलणे बंद होते. तुझ्यासाठी मी ते सुरू केले.

"आजोबा, तुमच्या शेजारी माझं रक्त ठेवणार? म्हणजे शर्यतच की!" ती म्हणाली.

"शर्यत नव्हे. ताडून पाहणे."

"तेच ते. हरलात तुम्ही."

असो. तुझा प्रबंध व्हावा म्हणून मी हेही ऐकून घेतले.

तुझा काका

२७ फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

काल आम्ही दोघांनी रक्त दिले. तू नेमकी मॅडमबरोबर बाहेरगावी होतीस, म्हणून वृत्तान्त कळवितो.

आम्हाला उंच स्टुलांवर शेजारी शेजारी बसविले. सुई पाहताच व्यायामशिक्षिकेचा चेहरा पांढरा पडला. जी बाई रोज पन्नास किलो वजन डोक्यावर उचलते, तिने माझे मनगट असे आवळले, की माझे रक्त सुईमुळे बाहेर आले की तिच्या पकडीमुळे, हे मी सांगू शकत नाही. "आजोबा, काहीतरी बोला हो," ती म्हणाली. मी तिला ऱ्हस्व-दीर्घाचे नियम सांगू लागलो. तिने डोळे मिटून घेतले. तिला बरे वाटले असावे.

तुमचा रक्त घेणारा तंत्रज्ञ सुईच्या कामात कुशल आहे. लेखणीच्या कामाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. आमच्या दोन नळ्यांवर त्याने हाताने लिहून ज्या चिठ्ठ्या चिकटविल्या, त्या पाहून मला मनस्वी खेद झाला. विज्ञानाच्या मंदिरात ‘वृध्द’ आणि ‘तरूण’! एकात जोडाक्षर उलटे आणि दुसऱ्यात रु दीर्घ! तो बर्फाची पेटी आणावयास आत गेला, तेव्हा काही किरकोळ सुधारणा करण्याजोग्या होत्या. त्याविषयी अधिक लिहीत नाही. सत्कृत्य करून ते बोलून दाखविण्याची मला सवय नाही.

परतताना व्यायामशिक्षिकेने मला रिक्षात हात देऊन बसविण्याचा प्रयत्न केला. मी तो नाकारला.

तुझा काका

२ एप्रिल

काका! हे बसून वाचा. उभे असाल तर कठडा धरा, कुणी बघत नाहीये.

तुमच्या कोऱ्या शिपायांना आम्ही बशीत ठेवून खोटी वर्दी दिली, शत्रू आला म्हणून. मग ते जागे होऊन नक्कल करायला लागतात आणि आम्ही बाजूला बसून मोजतो, कोण किती वेगाने उतरवतंय ते. आतापर्यंतच्या नऊच्या नऊ वयस्कर मंडळींच्या पेशी अर्ध्या वाटेत रखडल्या. का, तेही सांगते. हा मजकूर म्हणजे एक लांबलचक धागा. तो मोकळा सोडून चालत नाही, उतरवला की लगेच बारीक बारीक रिळांवर गुंडाळावा लागतो. वय झालेल्या पेशी नवी रिळं पुरेशी बनवत नाहीत. रिळं नाहीत म्हणून नक्कल अडते. हे इतर शास्त्रज्ञांनाही दिसलंय, आम्हालाही दिसत होतं.

आणि मग आले नमुना क्रमांक दहा. म्हणजे तुम्ही!

काका, तुमच्या पेशी सुसाट सुटल्यात. कुठे थांबणं नाही, रखडणं नाही. मी यंत्र दोनदा तपासलं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाच्या अंगात पंचविशीतली नक्कल! मॅडम खुर्चीतून ताडकन उठल्या. गेल्या चार वर्षांत मी त्यांना ताडकन उठताना पाहिलेलं नाही, त्यांचे गुडघे दुखतात. त्या म्हणतात, हे एका मोठ्या परिषदेत मांडायचं. तीस एप्रिलपर्यंत गोषवारा पाठवायचाय. माझ्या आयुष्यातली पहिली परिषद, काका, आणि ती तुमच्यामुळे.

एकच चमत्कारिक गोष्ट झालीय. तुमच्या व्यायामताईंच्या पेशी मात्र पार रखडल्या. एका नमुन्यावरून काही ठरत नसतं आणि हा काही रोग नव्हे. पण उगीच घाबरायची ती. तेव्हा तिला यातलं एक अक्षरही सांगू नका. शप्पत आहे.

तुमची (नाचणारी) बारकी

७ एप्रिल

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मला आश्चर्य वाटले नाही. ज्याने एक्केचाळीस वर्षे नक्कल केली, त्याच्या पेशींना नक्कल येऊ नये, हेच आश्चर्य ठरले असते. आता त्या संमतिपत्रातील ‘वृद्ध’ शब्दापुढील खूण खोडून त्यावर तुझ्या मॅडमची सही घ्यावी.

इकडे मी दिनक्रमात काही फेरबदल केले आहेत. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढतो. वाचनालयात जाऊन दहा वर्षांचे सभासदत्व मागितले. ग्रंथपाल माझ्याकडे पाहत राहिला. "आजोबा, एका वर्षाचं घ्या ना आधी," म्हणाला. मी त्याला तुझे पत्र दाखविले. चष्मा तूर्त वापरतो, परंतु तो केवळ सवयीने.

व्यायामशिक्षिकेला एक अक्षरही सांगू नये, असे तू लिहिले होतेस. मी सांगितले नाही. केवळ विचारले. ती दारात उभी होती, तिचा मला कळवळा आला आणि मी म्हणालो, "मुली, तुझ्याजवळ रिळे पुरेशी आहेत ना?"

"कसली रिळं?"

"काही नाही. जरा बेताने उड्या मार. मीच आता तुला सामान वर-खाली करण्यास मदत करीत जाईन."

"आजोबा, काय झालंय? हातात काय आहे ते?"

पत्र मी तिला वाचून दाखविले नाही. तिने ते माझ्या हातातून घेतले. तिच्या बोटांत ताकद फार आहे. तुझे अक्षर मात्र तिला चटकन लागले, हे तुझ्या हस्ताक्षराचे श्रेय मानावे लागेल.

तुझा काका

१२ एप्रिल

काका,

तुम्ही काय करून बसलात? मी शप्पत घातली होती!

मी तिला फोन करून तासभर समजावलं. ती हो हो म्हणाली, पण आवाज कुठेतरी खोल गेला होता. वर मला विचारते, "ताई, अंदाजे किती वर्षं?" किती वर्षं काय किती वर्षं! मला रडू फुटायचं राहिलं होतं. कृपा करून तिच्याशी आता रिळांवर एक शब्द बोलू नका.

इकडे गोषवारा जवळजवळ तयार आहे. मॅडम एकदा सगळे कागद तपासून घ्यायला सांगतायत. आमचा तंत्रज्ञ आणखीनच वेंधळा. तुमच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या हातात घेऊन खिडकीशी उभा होता. म्हणतो, "ताई, माझं अक्षर इतकं सुरेख कधी आलं?" मी म्हटलं, काकांचा सहवास लागला असेल! त्या दिवशी वेगळं असं काही झालं नव्हतं ना, काका? सहज विचारतेय.

बारकी

१७ एप्रिल

चि. बारकीस आशीर्वाद.

तंत्रज्ञाचे हस्ताक्षर सुधारले असल्यास आनंद आहे. हस्ताक्षर कोणत्याही वयात सुधारता येते. या विषयावर अधिक लिहिणे मला प्रस्तुत वाटत नाही.

खाली आता काही वाजत नाही. आठ दिवस झाले, वर्ग बंद आहेत. मी पूर्वीप्रमाणेच साडेपाचला जागा होतो आणि पेल्याकडे पाहत पडून राहतो. पेला जागचा हलत नाही. ती खाली राहावयास आल्यापासून, वीस महिन्यांत, इतकी शांतता मला मिळाली नव्हती.

आज जिना चढताना कठड्याला हात लागला. तो हिरवा आहे.

तुझा काका

२४ एप्रिल

शुद्धिपत्र

चि. बारकीस.

आशीर्वाद पत्राच्या शेवटी लिहीन. तो घेण्याजोगा वाटला तर घे.

काल सकाळी व्यायामशिक्षिका वर आली. तीन डॉक्टरांना दाखवून झाले होते. तिघांनीही काही नाही असे सांगितले होते, म्हणून ती अधिकच घाबरली होती. तिच्या हातात कोरा कागद होता.

"आजोबा, तुमचं अक्षर चांगलं आहे. माझं मृत्युपत्र लिहून द्याल?"

"तुझे वय काय?"

"वरून सव्वीस. आतून तुम्हाला माहीत आहेच."

तिने सांगितले आणि मी लिहिले. इतक्या वर्षांची सवय. पुढ्यात कागद आला की माझा हात चालू लागतो. दुसरे कलम असे होते, की तिची सर्व वजने, दोन किलोपासून वीस किलोपर्यंत, तिसऱ्या मजल्यावरील आजोबांना द्यावीत, कारण त्यांच्या पेशी तरुण आहेत. तेथे शाईचा ठिपका पडला. माझ्या कागदावर ठिपका पडत नाही, हे तुझ्या वडिलांना विचार.

मग ती म्हणाली, "आणि हो. ती पाटी करून टाका तुमच्या मनासारखी. आता काय फरक पडतो."

मी शिडी लावली. कुंचला घेऊन वर चढलो. ‘शरिर’ नाकासमोर होते. हे अक्षर सुधारावे, याची मी वीस महिने वाट पाहिली होती आणि आता मला कोणीही उचलून खाली ठेवणार नव्हते. ती खाली शिडी धरून उभी होती. कुंचला टेकविला आणि माझा हात थांबला. बारकी, मला आमच्या नळ्या ठेवलेले ते टेबल दिसले.

त्या दिवशी तंत्रज्ञ आत गेल्यावर मी दोन्ही नळ्यांवरील चिठ्ठ्या सोलून काढल्या. त्या ओल्या होत्या, लगेच निघाल्या. दोन कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. एकीवर ‘वृद्ध १०’ आणि दुसरीवर ‘तरुण १०’ असे शुद्ध आणि वळणदार लिहिले. हे होईपर्यंत व्यायामशिक्षिकेने पाण्याची बाटली ठेवावयास जागा करावी म्हणून नळ्या उचलून पलीकडे ठेवल्या होत्या. ती मला म्हणाली, "आजोबा, कुठली कुणाची?" मी म्हणालो, "मी एक्केचाळीस वर्षे नक्कल केली आहे." हे तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी डावी नळी माझी असे धरून चाललो आणि चिठ्ठ्या लावल्या.

म्हणजे मी अस्सलातील चूक सुधारली, हा पहिला गुन्हा. रुजुवात होण्यापूर्वी अस्सल जागचे हलू दिले, हा दुसरा. आणि तुझे बारा तारखेचे पत्र वाचल्या क्षणी मला सर्व उमगले असताना तुला हस्ताक्षरावर प्रवचन लिहून पाठविले, हा तिसरा. तो पहिल्या दोहोंहून मोठा आहे. मी स्वतःला बजावले, की डावी नळी माझी असूही शकेल. असूही शकेल, असा शेरा मी आजवर एकाही नकलेखाली मारलेला नाही.

तरुण असल्याचे फार बरे वाटत होते, बारकी. एवढेच कारण आहे. दुसरे शोधून पाहिले, मिळाले नाही.

शिडीवरूनच मी व्यायामशिक्षिकेला सर्व सांगितले. खाली उतरून सांगण्याचे धैर्य झाले नाही. तिने शिडी आणखी घट्ट धरली. नंतर म्हणाली, "आजोबा, खाली या."

"तू रागावली आहेस काय?"

"आधी खाली या. माणूस पडला की मग रागावता येत नाही."

मी उतरलो. मग ती रागावली. तिचे शब्द मी उतरवीत नाही, परंतु त्यांतील एकही अनावश्यक नव्हता. मृत्युपत्राचे तिने आठ तुकडे केले. शेवटी डोळे पुसून हसू लागली आणि मला शिक्षा ठोठावली. पाटी आहे तशीच राहील. मी रोज तिच्यासमोरून जावयाचे, ती पूर्ण वाचावयाची आणि काही बोलावयाचे नाही.

तुझा गोषवारा तीस तारखेस जावयाचा आहे. तो जाऊ देऊ नकोस. हे पत्र मी स्वतः टपाल कचेरीत जाऊन नोंदणी करून पाठवीत आहे. एकही नक्कल परत आली नाही, असे मी तुला अभिमानाने लिहिले होते. ही एक परत घे.

आशीर्वाद.

तुझा काका

२९ एप्रिल

काका,

आशीर्वाद घेतला. आता ऐका.

तुमचं पत्र सत्तावीसला आलं. मला बावीसलाच कळलं होतं. तंत्रज्ञाच्या त्या सुरेख अक्षरावरून मला कसंतरीच वाटायला लागलं, म्हणून मी ‘वृद्ध १०’ची नळी आणखी एका तपासणीला दिली. पुरुषाच्या पेशीत एक ठरावीक आखूड धागा असतो. तो सापडेचना! म्हणजे कागदोपत्री माझे एकोणऐंशी वर्षांचे थोरले काका बाई निघाले. मॅडम दुसऱ्यांदा ताडकन उठल्या. आता त्यांच्या गुडघ्यांना माझी भीती वाटते.

तो कागद मी पाच दिवस खणात ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, "अगं, फोन करून विचार ना सरळ." मी म्हटलं, नको, काकांचं पत्र येईल. "आणि नाही आलं तर?" मी म्हटलं, येईल. तीस तारीख जवळ येत होती आणि मी रोज टपालाच्या पेटीत हात घालत होते. सत्तावीसला नोंदणीचं पाकीट पाहिलं आणि न उघडताच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. माझी काही एवढी हिंमत नाही हो, पण त्या दिवशी फार ऐटीत ठेवलं.

गोषवारा मागे घेतला. परिषद हुकली. थोडी रडले, खोटं कशाला सांगू. आणि चिठ्ठ्यांना बाहेरचा हात लागला म्हणजे ती जोडी बाद. तुम्ही कबूल केलंत, नळी तपासली, तरी बाद. नियम म्हणजे नियम, तुम्हीच शिकवलेत. तेव्हा दोघांनी बारा मेला परत यायचं. जूनअखेर अजून गाठता येते, मॅडमनी बोटांवर मोजून सांगितलंय.

आता दुसऱ्या नळीचं सांगू? बाद आहे, प्रबंधात जाणार नाही, पण तुम्हाला सांगायला काय हरकत. त्या नळीतल्या पेशी रखडतात. बाकीच्या नऊ जणांसारख्याच. पण काका, मी काल पुन्हा नीट बसून पाहिलं. काम टाकून पळत नाहीत हो त्या. रिळं संपली म्हणून जागच्या जागी थांबतात. जसा कागद संपला म्हणून एखादा कारकून लेखणी हातात धरून बसून राहावा, नवा कागद येईपर्यंत. कोऱ्या आहेत, एकोणऐंशी वर्षं कुणी लढाईला बोलावलेलं नाही, आणि मी खोटी वर्दी दिली तरी बिचाऱ्या उठून लिहायला बसल्या.

तंत्रज्ञाला मी खूप बोलले. त्याने आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावलीय: ‘चिठ्ठ्यांना हात लावु नये.’ तुम्ही आलात की ती वाचायची आणि गप्प बसायचं.

तुमची बारकी

४ मे

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

बारा तारखेस सकाळी नऊ वाजता आम्ही दोघे हजर होतो, असे समज. व्यायामशिक्षिका मला रिक्षात हात देऊन बसविणार आहे. हे आमच्यात ठरले आहे, त्यावर चर्चा नको. सुई टोचताना मी ऱ्हस्व-दीर्घाचे नियम सांगू नयेत, अशी तिची अट आहे. त्या दिवशी तिने डोळे का मिटले होते, हे मला आता कळले.

तू लेखणी धरून बसलेल्या कारकुनाचे लिहिलेस. तसा एक जण आमच्या खात्यात होता. कागद येईपर्यंत तो टेबलापासून हलत नसे. आम्ही त्याला हसत असू. आता हसणार नाही.

पहाटे साडेपाचला संगीत पुन्हा सुरू झाले आहे. आज पेला फळीच्या कडेपर्यंत चालत आला. मी तो उचलून पुन्हा मागे ठेवला आणि पडून राहिलो. पाटीसमोरून दिवसातून चार वेळा जातो. ‘शरिरसौष्ठव केंद्र’ असे पूर्ण वाचतो. तिला मी अस्सल मानले आहे.

प्रबंध लिहून झाला, की छापण्यापूर्वी त्याची रुजुवात घ्यावी लागेल. तू मोठ्याने वाच, मी बोट ठेवून ऐकेन. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर तुला सांगेन. हात लावणार नाही.

आमच्या नळ्यांवरील चिठ्ठ्या तंत्रज्ञालाच लिहू देत. तो जसे लिहील, तसेच राहू दे. तिच्या नळीवर ‘तरूण’ असो वा माझ्या नळीवर आणखी काही. मला काय लागू आहे ते मी आता मान्य केले आहे आणि ते त्याच्याच अक्षरांत, खाली सही करून पाठवितो.

तुझा काका,
वृध्द १०
(अस्सलबरहुकूम)